ओढ कुठं आहे?

सप्ताहाचा आज पाचवा दिवस. माझ्याकडे कीर्तनसेवा आहे, आणि तुमच्याकडे श्रवणाची सेवा आहे. माझ्यापेक्षा तुमची सेवा अवघड, कारण मांडी तुमची अवघडते!

पूर्वपक्षात आपण मनाचं स्वरूप पाहिलं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो, देवा, हे मन आवरणं म्हणजे वारा मुठीत धरण्यासारखं आहे. भगवंत त्याला नाही म्हणत नाहीत. अवघड आहे हे मान्य करतात, आणि उपाय दोन सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. आता हे शास्त्र झालं. शास्त्र ऐकलं की मान हलते, पण घरी गेलं की मन तसंच. म्हणून महाराज लोक दृष्टांत देतात. मी आज माझ्याच गाडीचा देतो. हसू नका, गाडी तुमच्याकडेही आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी गाडी भाचा चालवतो. एका गावाहून कीर्तन करून येताना अंधारात पुढचं डावं चाक खड्ड्यात जोरात आदळलं. उतरून पाहिलं, काही दिसलं नाही. पुढं निघालो. दोन दिवसांनी भाचा म्हणाला, "मामा, गाडी डावीकडं ओढतीय." मी म्हणालो, "अरे, रस्त्याला उतार असतो. हात घट्ट धर." पंधरा दिवसांनी पुन्हा म्हणाला, "मामा, स्टिअरिंग सरळ धरलं तर गाडी डावीकडं जातीय. गाडी सरळ ठेवायला स्टिअरिंग उजवीकडं वाकडं धरावं लागतंय." मी म्हणालो, "मग तसं धर! गाडी जातीय ना सरळ?"

माऊली, हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढं मला ते फार महाग पडलं.

तीन महिने गेले. भाच्याच्या हाताला सवय झाली. वाकडं धरलेलं स्टिअरिंग त्याला सरळ वाटायला लागलं! सवयीचा हा मोठा गुण आणि हाच मोठा दोष. एके रात्री सासवडहून पुण्याकडे येत होतो. पाऊस चालू. गाडीत आम्ही पाच जण, मृदंगाचार्य, दोन टाळकरी, भाचा आणि मी. दिवेघाट उतरायच्या आधी चहाला थांबलो. भाच्यानं सहज मोबाईलचा उजेड पुढच्या डाव्या टायरवर मारला, आणि मला हाक मारली. टायर बाहेरून नवा कोरा, आणि आतल्या कडेला रबर संपून पोलादी तारा उघड्या पडलेल्या! पुढं सगळा उतार. पाच घरांचे दिवे त्या तारांवर चालले होते, आणि आम्ही मागं बसून हरिपाठ म्हणत होतो. घाट उतरलोच नाही. तिथंच स्टेपनी लावली, मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो. मी म्हणालो, "मिस्त्री, स्टिअरिंग तेवढं सरळ करून द्या." तो हसला. म्हणाला, "महाराज, स्टिअरिंगला रोग नाही. ते फक्त दाखवतंय."

मग त्यानं काय केलं ते क्रमानं ऐका, कारण हा क्रम साधनेचा आहे. आधी चारी चाकांची हवा पाहिली, कमीजास्त होती ती सारखी केली. हवा कमी असली तरी गाडी ओढते, उगाच मोठा दोष कशाला शोधायचा? आपलंही तसंच. झोप नाही, जेवण वेळेवर नाही आणि म्हणायचं, माझं नामात मन लागत नाही! आधी हवा बघा. मग गाडी वर उचलली, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. खडखड वाजलं. टाय रॉडचा जोड झिजला होता. म्हणाला, "हा आधी बदलायचा. सैल जोडावर अलाइनमेंट केलं तर उद्या पुन्हा वाकडं." मग चारी चाकांना क्लॅम्प लावले. पडद्यावर आकडे आले, पुढच्या डाव्या चाकाचा लाल. मिस्त्री म्हणाला, "आधी मागच्या चाकांची रेष बघायची आणि पुढची चाकं तिला जुळवायची." वा रे मिस्त्री! संप्रदाय वेगळं काय सांगतो? मागं संत चालले आहेत, त्यांची रेष पाहा आणि आपलं चाक तिला लावा.

मग स्टिअरिंग सरळ करून अडकवून ठेवलं, खाली गेला, चेक नट सैल केला आणि रॉड थोडासा फिरवला. एक आटासुद्धा पुरा नाही. लालचा हिरवा झाला. मी म्हणालो, "एवढंच?" तो म्हणाला, "एवढंच वाकडं होतं."

हिशेब करा. चाक पाव अंश वाकडं असलं तर दर किलोमीटरला ते चार मीटरांहून जास्त आडवं घासतं. दहा हजार किलोमीटरला त्रेचाळीस किलोमीटर! पुढंही चालतंय, आडवंही घासतंय. आणि झीज आतल्या कडेला, लोकांना दिसत नाही. (येथे विठ्ठलनामाचा गजर.)

महाभारतात युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. अश्वत्थामा मेला एवढं मोठ्यानं सांगितलं, हत्ती हा शब्द हळू सांगितला, आणि रथ जमिनीला टेकला. आयुष्यभराचं सत्य, वाकडेपणा एका शब्दाचा. कठोपनिषदात शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे सांगितली आहेत. आपला सारथी काय करतो? खाली जोड सैल आणि वरून लगाम ताणून धरतो. जग म्हणतं, काय संयमी माणूस!

आता माझं ऐका. त्या गॅरेजच्या बाकावर बसलो होतो आणि माझंच वाक्य मला आठवलं: "गाडी जातीय ना सरळ?" माझा धाकटा भाऊ आहे. बांधावरून वाद झाला, अकरा वर्षं बोलणं नाही. या अकरा वर्षांत मी भरत-रामाच्या भेटीवर किती कीर्तनं केली! लोक रडले. बंधुप्रेमावर बोलताना मला जास्त जोर लावावा लागायचा, आवाज चढवावा लागायचा. लोकांना वाटायचं रंग भरला. मला आता कळलं, ते स्टिअरिंग वाकडं धरणं होतं. घरातली माणसं सांगत होती, भाच्यासारखीच. मी म्हणत होतो, रस्त्यालाच उतार आहे, दोष त्याचा आहे.

गाडी घेऊन परस्पर त्याच्याकडे गेलो. दारात तो उभा. दोघांनाही शब्द सुचेना. शेवटी भावजय म्हणाली, "दादा, आत या, चहा ठेवते." मी म्हणालो, "बांध तुझ्या म्हणण्याप्रमाणे मोजू." तो म्हणाला, "आधी बस तरी."

ओढ गेली का? खोटं कशाला सांगू, अजून आहे. मोजणीच्या दिवशी पोटात कालवलं. पण मिस्त्रीनं सांगितलंय, एकदा करून भागत नाही, पाच हजार किलोमीटरला पुन्हा दाखवायचं, खड्डा बसला तर लगेच. भगवंतानं अभ्यास म्हटला तो हाच. मी आता दर एकादशीला मनाला गॅरेजात नेतो.

सप्ताह म्हणजे तरी काय? सात दिवसांचं गॅरेज. इथं बसून शेजाऱ्याचं चाक पाहू नका. घरी गेल्यावर जवळच्या माणसाला विचारा, माझी ओढ कुठं आहे? तो सांगेल, आणि सांगताना त्याला थांबवू नका.

ज्ञानोबा माउली तुकाराम! रामकृष्ण हरी!