‘सुहैली’ : एका लहान नौकेची घडण

केडगावहून नगरच्या बाजारपेठेत धान्याची पोती नेणारा जुन्या काळचा गाडीवान गाडी भरताना एक गोष्ट कटाक्षाने पाहत असे. ओझे पुढे अधिक झाले तर ते बैलांच्या मानेवर येई. मागे अधिक झाले तर गाडी उलाळे. तेच ओझे आसावर नेमके तोललेले असले, म्हणजे बैल आपणहून वाट धरीत आणि गाडीवानाला रात्रीच्या प्रवासात निश्चिंत डुलकी घेता येई. घाटावर राहणाऱ्या श्रोत्यांना लहान शिडाच्या नौकेची घडण समजून घ्यावयाची असेल, तर हा दृष्टांत पुरेसा आहे. ज्या नौकेत एकट्या माणसाने महिनोन्‌महिने राहावयाचे, तिचा पहिला गुण वेग नव्हे, तोल होय.

या गुणाची कसोटी लागली ती मुंबईत बांधलेल्या एका नौकेवर. तिचे नाव ‘सुहैली’. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला हे नाव देतात. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती मुंबईच्या सुतारांकडून बांधवून घेतली व डिसेंबर १९६४ मध्ये नारळ फोडून ती पाण्यात सोडण्यात आली. सुतारांची मुख्य हत्यारे म्हणजे वाकस आणि कमानीने फिरवावयाचा सामता. लाकूड सागवानी. सागाच्या अंगी तेल असल्यामुळे तो पाण्यात लवकर कुजत नाही. मुंबईतच १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडात आजही तरंगत आहे, यावरून या लाकडाची योग्यता ध्यानी येईल.

‘सुहैली’चा आराखडा विल्यम ॲटकिन या अमेरिकन रचनाकाराने १९२० नंतरच्या दशकात काढलेला होता आणि त्याचे मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचावनौकांत होते. वादळात सापडलेल्या कोळ्यांना सोडविण्यासाठी ज्या नौका भर वादळातच बाहेर पडत, त्यांचा हा वंश. परंतु १९६० नंतरच्या शर्यतींच्या दिवसांत तो जुनाट व मंदगती समजला जाई.

नौकेची लांबी अवघी ३२ फूट. रुंदी मात्र सुमारे ११ फूट, म्हणजे लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. आणि पाण्याखाली ती सुमारे साडेपाच फूट बुडते. पुष्कळ नौकांची पाठ सपाट कापलेली असते. हिची पुढची व मागची अशी दोन्ही टोके निमुळती आहेत. त्यामुळे पाठीमागून चालून येणारी लाट आडव्या भिंतीवर आदळावी तशी आदळत नाही. ती दुभंगून दोहों बाजूंनी निघून जाते. खालचा कणा जवळजवळ नौकेच्या लांबीइतका असून त्याखाली लोखंडाचे वजन आहे. वजनामुळे कलंडलेली नौका पुन्हा उभी राहते, तर लांब कण्यामुळे ती धरलेली दिशा सहसा सोडीत नाही. डोलकाठ्या दोन : पुढची मोठी, मागची लहान. एकच प्रचंड शीड सावरणे एकट्याच्या आवाक्याबाहेरचे असते. तेच कापड लहान लहान शिडांत वाटले, तर वाऱ्याच्या मानाने एखादे उतरवून पुढची व मागची ओढ सारखी करता येते.

१४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडच्या फालमथ बंदरातून एकटेच निघाले. कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या त्या स्पर्धेत नऊ जण उतरले होते. वाऱ्याच्या योगे सुकाणू आपोआप सांभाळणारे एक यंत्र नौकेवर होते. परंतु दक्षिण महासागराच्या तडाख्यांनी ते खिळखिळे झाले आणि ऑस्ट्रेलियाजवळ साफ निकामी ठरले. पुढे जवळजवळ निम्मा प्रवास उरला होता. माणूस चोवीस तास सुकाणू धरून बसू शकत नाही. झोप न मिळाली तर समुद्राआधी थकवाच त्याचा घात करतो. तेव्हा त्यांनी शिडे अशी काही जुळविली, की ‘सुहैली’ आपली आपण मार्ग धरून चालू लागली आणि धनी निद्रा घेऊ लागला. जुनाट म्हणून हिणविलेला तो लांब कणा येथे उपयोगी पडला. त्याआधी अटलांटिकमध्ये कण्याजवळच्या सांध्यातून पाणी शिरू लागले, तेव्हा त्यांनी स्वतः बुड्या मारून तो सांधा बाहेरून बंद केला होता. लाकडी नौकेची दुरुस्ती अशी एका माणसाच्या हाती राहू शकते, हाही तिचा एक गुणच.

२२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ‘सुहैली’ फालमथला परतली. अंतर सुमारे ३०,००० मैल. सरासरी वेग ताशी चार सागरी मैल, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाहून थोडा अधिक. नवांपैकी स्पर्धा पुरी करणारी ती एकटीच होती.

घडण उत्तम म्हणून समुद्र दया करतो, असे मात्र नाही. ‘सुहैली’च्याच धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन अभिलाष टॉमी २०१८ साली त्याच मार्गाने निघाले. सप्टेंबर महिन्यात हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. तरीही नौकेचे शरीर बुडाले नाही. मदत येईपर्यंत सुमारे तीन दिवस त्या जखमी माणसाला तिनेच आपल्या पोटात धरून ठेविले. चांगली घडण संकट टाळू शकत नाही. संकटात सापडलेल्या माणसाला ती अवधी मिळवून देते, आणि तेवढ्यानेच त्याचे प्राण वाचतात.

‘सुहैली’ १९९७ साली ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात मानाने ठेवली गेली. तेथील कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. जी दक्षिण महासागराला पुरून उरली, ती सन्मानाने झिजू लागली! अखेर २००२ साली धन्याने तिला तेथून हलविले आणि पुढे दुरुस्त करून पुन्हा पाण्यात उतरविले. मुंबईच्या सुतारांनी वाकसाने तासलेला तो साग पाण्यासाठी घडविलेला होता; पाण्यातच त्याचे सांधे फुगून घट्ट बसतात.