बालशिक्षण आणि घरचा नेम



१९१९ साली रुडॉल्फ स्टायनर यांनी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी वाल्डॉर्फ शाळा काढली. (कारखाना सिगारेटचा होता, हा भाग निराळा !) सात वर्षांखालील मूल उपदेशाने नव्हे, अनुकरणाने शिकते, अक्षरांआधी त्याच्या हातांना काम आणि दिवसाला ठरलेला क्रम हवा, असे ते मानीत. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे माँटेसरी पद्धतीला ग्रामीण रूप दिले. परिसरातील साध्या वस्तू हीच तेथील साधने.

असा क्रम आपल्या घरांत परंपरेनेच आहे. सकाळचा नवकार, पाणी गाळणे, धान्य निवडणे, चौविहार. आजीशेजारी बसून मूग निवडणाऱ्या बालकाची बोटे लेखणीसाठीच तयार होत असतात. आणि किडा दिसल्यावर तो अलगद बाजूला कसा ठेवावा, हेही ते पाहते. शिरूर-दौंडच्या कित्येक घरांत मात्र याच वेळी त्याच्या हाती मोबाईल किंवा गृहपाठाची वही असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही पहिलीपूर्वीची तीन वर्षे खेळातून शिकण्यासाठी मानली आहेत.

दुकानातून रात्री उशिरा परतणाऱ्या पित्यांना माझी विनंती आहे : निदान या चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी घरी येऊन मुलांसमवेत पानावर बसावे.