डोंगरमाथ्यावरून

(मॉरिशसमधील एका शाळेत मराठी भाषा दिनानिमित्त एका शिक्षिकेने विद्यार्थ्यांपुढे केलेले हे भाषण आहे.)



डिसेंबरच्या सुट्टीत मी भारतात जाऊन आले. तिथे पुष्कळ गोष्टी पाहिल्या. पण आज तुम्हांला सांगणार आहे ते महाबळेश्वरविषयी.

ब्लॅक रिव्हरचे शिखर हे आपल्या देशातील सर्वांत उंच ठिकाण. त्याची उंची ८२८ मीटर. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर हे गाव सुमारे १३७२ मीटर उंचीवर वसलेले आहे. म्हणजे आपले सर्वांत उंच शिखर जिथे संपते, त्याच्याही पाचशे मीटर वर तिथे बाजार भरतो आणि मुले शाळेत जातात!

पुण्याहून निघालो की वाई गाव लागते. तेथून पसरणीच्या घाटाची वळणे सुरू होतात. घाट चढून गेल्यावर पाचगणी येते. गावाच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार आहे. एखादे मोठे टेबल मांडून ठेवावे तसे ते सपाट दिसते. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल मातीत स्ट्रॉबेरीचे वाफे दिसू लागतात. महाबळेश्वरच्या या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही क्षेत्र महाबळेश्वर येथे गेलो. तिथल्या पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून पाण्याची धार पडते. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तेथे मानतात. मी ओंजळीत पाणी घेतले. किती गार ते! कृष्णा पूर्वेकडे वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून कोकणात जाते आणि अरबी समुद्राला मिळते. एकाच डोंगरावरच्या दोन बहिणी, पण त्यांची सासरे दोन टोकांना!

मुलांनो, इतके पाणी येते कोठून? पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि धो धो पाऊस पडतो. आपल्याकडेही आग्नेयेकडून येणारे वारे क्युरपीपला भिजवतात आणि डोंगरापलीकडचे पोर्ट लुई कोरडे राहते ना? तसेच हे. महाबळेश्वरला चार महिन्यांत पावसाचा पूर येतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात लोक पावसाची वाट पाहत बसतात.

दुपारी प्रतापगड पाहिला. हा किल्ला शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून १६५६ साली बांधून पुरा झाला. याच गडाच्या पायथ्याशी १६५९ साली महाराजांची आणि अफझलखानाची भेट झाली. आजूबाजूचे दाट जंगल आणि खोल दऱ्या पाहिल्या, म्हणजे महाराजांनी भेटीसाठी हीच जागा का निवडली, ते पुस्तकाशिवाय समजते.

आता शेवटच्या दिवसाची गोष्ट सांगते. आम्ही आर्थर सीट या ठिकाणी गेलो. तेथे उभा कडा तुटलेला आहे. खाली सावित्रीचे खोरे आणि त्यापलीकडे कोकण. दरीतून वारा इतक्या जोराने वर येतो, की बाटलीचे हलके झाकण खाली टाकले तर ते तरंगत परत वर येते. सहलीला आलेली काही मुले हाच खेळ खेळत होती. झाकण वर आले, की टाळ्या पिटत होती. कुणी तरी गमतीने रिकामी बाटलीही टाकली. ती मात्र परत आली नाही.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ भाजलेले चणे विकत होते. ते शांतपणे म्हणाले, “पोरांनो, झाकण वर येतं, त्याची गंमत वाटते. पण बाटली खाली जाते. खाली आमचं गाव आहे. पाऊस लागला की हा सारा कचरा आमच्या ओढ्यात येतो.”

खरे सांगते, माझ्याही हातात एक झाकण होते. मी ते मुकाट्याने पिशवीत टाकले.

त्यांनी मला विचारले, “बाई, तुम्ही कुठल्या?”

“मॉरिशसची.”

“तिकडं मराठी बोलतात?”

“बोलतात, आजोबा. माझे खापरपणजोबा कोकणातूनच गेले. उसाच्या मळ्यात काम करायला.”

“असं? गाव कुठलं त्यांचं?”

मी गप्प झाले. आमच्या घरात ते नाव आता कुणालाच आठवत नाही. आजोबांनी माझ्याकडे पाहिले आणि सगळ्या दरीवरून हात फिरवून म्हणाले, “मग नीट बघून घ्या. ह्यातलंच एखादं असेल.”

मी कितीतरी वेळ पाहत राहिले. धुक्यात लहान लहान कौले दिसत होती. कोणत्या तरी घरातून एक तरुण मुलगा गाठोडे घेऊन निघाला असेल, मुंबईला जाऊन जहाजात बसला असेल. आपले गाव वरून कसे दिसते, हे त्याने कधी पाहिलेही नसेल. त्यातले कोणते गाव माझे, हे मला ठाऊक नाही. म्हणून मला ती सारीच गावे माझी वाटली. आणि आपल्याच गावावर कचरा कोण टाकील?

मुलांनो, तुम्ही शामारेलचा धबधबा पाहायला जाता, डोंगर चढता. तेव्हा क्षणभर थांबून विचार करा, हे पाणी कोठे जाते? खाली कोण राहते?

आणि आज घरी गेल्यावर आजीला एक प्रश्न विचारा : “आपले गाव कोणते?” तिला आठवत असेल, तर ते नाव लगेच वहीत लिहून ठेवा. उद्या कुणी विचारले, तर माझ्यासारखे गप्प बसावे लागू नये.