माळावरचा एक तास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



वर्धापनदिनी एखादी विधायक सूचना मांडावी, असा प्रघात आहे. माझी सूचना बिनखर्चाची आहे. पण अमलात आणणे तितकेसे सोपे नाही. महिन्यातून एका रविवारी सकाळी आपण सर्वजणींनी झरीच्या शिवारात जेथे माळ शिल्लक असेल तेथवर पायी जावे. वाटेत बोलू नये. तेथे घटकाभर स्वस्थ बसावे, एक भजन म्हणावे आणि परतावे.

“आम्ही काय थोड्या चालतो?” असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. सरपणाला, निंदणीला, कापूस वेचायला आपण चालतच असतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील बायका दुष्काळी कामांवर खडी फोडायला चालत गेल्या. पण त्या चालण्यात डोईवर ओझे तरी असते, नाही तर मनात घरची घाई. रिकाम्या हाताने निघालेल्या बाईला “कुठं निघालीस?” हा प्रश्न ठरलेलाच. त्याला “कुठं नाही, चालायला” एवढे उत्तर देता यावे, यासाठी ही सूचना आहे.

हल्ली राजस्थानच्या वाळवंटात लोक पैसे मोजून असे फिरायला जातात. वाटाड्या झाडेझुडपे दाखवतो. मंडळी वाळूत बसून ध्यान करतात, काशाच्या वाट्यांचा नाद ऐकतात. जोधपूरला मेहरानगड किल्ल्यालगत राव जोधांच्या नावाचे एक उद्यान आहे. तेथील खडकाळ जागा वेड्या बाभळीने व्यापली होती. २००६ पासून खाणीत काम करणाऱ्या मजुरांच्या हातून ती मुळासकट काढवली, वाळवंटातलीच झाडे पुन्हा लावली आणि २०११ साली ती जागा लोकांना खुली केली. ज्या जागेला कोणी किंमत देत नव्हते, ती आज माणसे मुद्दाम पाहायला येतात.

आपला माळ काही वाळवंट नव्हे. थारच्या पश्चिम भागात वर्षाला २५० मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो. आपल्याकडे सरासरीने त्याच्या तिपटीहून अधिक. तरी आपण माळाला ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो. पण तरवडाची पिवळी फुले, हिवराची सावली, बोरी, रुई, कुसळी गवत हे सारे त्या पडीक जागेतच आहे. टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते. चंडोल गात गात उंच चढतो. न बोलता गेलो, तरच हे दिसेल आणि ऐकू येईल.

आता नादाविषयी. आपल्या जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई दळताकांडताना नाम घेई, हे आपण जाणतोच. जात्यावरची ओवी हेच बाईचे मन मोकळे करण्याचे ठिकाण होते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. जाते गेले, गिरणी आली, कष्ट वाचले. त्याचे दुःख नको. मात्र त्याबरोबर गळाही मिटला. तो माळावर पुन्हा उघडू या. सावकाश, लांब सुरात म्हटले की श्वास संथ होतो, जीव निवतो. एवढेच मी म्हणते. भजनाने रक्तदाब किंवा साखर बरी होते असे मी म्हणणार नाही. त्यासाठी डॉक्टरच हवा आणि गोळी चुकवायची नाही.

आषाढीपूर्वी शेगावची पालखी परभणी-गंगाखेडवरून पंढरीला जाते. चालणे, नाम आणि टाळ यांचा मेळ आपल्याला तिने केव्हाच दाखविला आहे. पण वारी वर्षातून एकदा; आणि ती साऱ्याजणींना साधतेच असे नाही.

तेव्हा उन्हे चढण्याआधी निघावे, पायात वहाण असावी, पाण्याची बाटली घ्यावी, गवतात पाहून पाऊल टाकावे. सासूबाईंनाही बरोबर आणावे. सुनेला एकटीला निघणे जड जाते, दोघी मिळून निघाल्या तर कोणी अडवीत नाही. त्या तासापुरता चहा घरच्या पुरुषांनी करून घ्यावा. तो त्यांना जमेल.

पुढच्या वर्धापनदिनी किती भगिनी आल्या हे सांगण्यापेक्षा, कोणी कोणता पक्षी ओळखला हे ऐकायला मला अधिक आवडेल.