किराण्याची पावती आणि रुग्णालयाचे बिल

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आहार आणि व्यायाम या विषयावर प्रशासकाने बोलावे, याचे आपणांस आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझा संबंध औषधांशी नव्हे, तर औषधांच्या बिलांशी. तथापि यंदाच्या उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात उपाहारगृहाच्या ठेक्यापासून मिळणारे उत्पन्न घटलेले दिसेल. त्याचा खुलासा करणे माझे कर्तव्य आहे आणि तो खुलासा स्वयंपाकघरातून सुरू होतो.

आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे की, मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशानुसार आलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या असतात, तसेच बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. या निधीच्या फाइली माझ्या टेबलावरून जातात. अशाच एका फाइलीतील रुग्ण शिंपीकाम करणारे गृहस्थ होते. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेली, चपलेचा खिळा लागल्याचे चार दिवस कळलेच नाही. शेवटी घोट्याच्या वरून पाय काढावा लागला. बिल पूर्ण माफ झाल्याचे मी स्वतः त्यांना सांगितले. ते म्हणाले, “साहेब, उपकार झाले. पण आता मशिन कोणत्या पायाने मारू?” या प्रश्नावर माझ्याकडे कोणताही शेरा नव्हता.

त्यानंतर काही आठवड्यांनी कर्मचाऱ्यांच्या तपासणीत माझ्याच तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.३ आला. ५.७ पासून मधुमेहाचा उंबरठा सुरू होतो आणि ६.५ ला आपण घरात असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. एवढ्या मोठ्या आकड्याने मला कधी जाग आली नव्हती, ६.३ ने आली.

आपल्या भौतिकोपचार विभागात शनिवारी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी व्यायामवर्ग घेणारा एक तरुण प्रशिक्षक आहे. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला, बोलणे मोजके. मी त्याच्याकडे आहाराचा तक्ता मागितला, तेव्हा त्याने मला घरची महिन्याची किराण्याची पावती आणावयास सांगितले. पावती वाचणे हा माझा व्यवसाय. मी आनंदाने नेली.

आम्ही घरात चार माणसे. महिन्याला तेल ५ लिटर, साखर ४ किलो, मीठ १ किलो. त्याने माझ्याच गणकयंत्रावर भागाकार करावयास लावला. तेल माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम निघाले. बैठे काम करणाऱ्यास २० ते २५ ग्रॅम पुरे. साखर रोज ३३ ग्रॅम निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिलेली उत्तम. मीठ ८ ग्रॅमच्या वर; ते ५ ग्रॅमच्या आत असावे. त्यात लोणचे, पापड, फरसाण धरलेलेच नव्हते. ही आकडेमोड मी घरी अभिमानाने वाचून दाखविली. सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, “आणि तुम्ही ऑफिसात खाता ते वडे कोणत्या पावतीत आहेत?” लेखापरीक्षकानेही माझी एवढी मोठी चूक कधी काढली नव्हती.

दुसरा हिशेब प्रथिनांचा. आपल्या देशात प्रौढ माणसासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने ही शिफारस आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसास सुमारे ५० ग्रॅम. बाजारात महागडे डबे याच भीतीवर विकले जातात. प्रत्यक्षात दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून १५ ग्रॅम, ३० ग्रॅम डाळीच्या वरणातून ७, तेवढ्याच मटकीच्या उसळीतून ७, मूठभर शेंगदाण्यांतून ७ आणि एक पेला दुधातून किंवा तेवढ्या दह्यातून ६ ग्रॅम मिळतात. उरलेले दोन अंड्यांतून किंवा आणखी एका वाटी उसळीतून भरून निघतात. आपले चुकते कोठे? पातळ वरणाला आपण डाळ समजतो, आणि ताटात भात एवढा असतो की उसळीला जागाच राहत नाही. उपवासाच्या दिवशी तर साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा, म्हणजे पिष्टावर पिष्ट. राजगिरा, दाणे, दही, ताक हेही उपवासाला चालतेच. उपवास मोडावा असे मी म्हणत नाही. माझी आई चातुर्मास कसोशीने पाळते.

व्यायामाविषयी मला सर्वांत जास्त पटले ते असे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवून घेण्याचे मोठे काम स्नायू करतात आणि ते हालचाल करीत असताना इन्सुलिनवर विसंबून न राहताही साखर आत ओढतात. चाळिशीच्या आसपास स्नायू हळूहळू घटू लागतात. आमच्या भाषेत हा घसारा. यंत्राच्या घसाऱ्याची तरतूद आम्ही न चुकता करतो, मांड्यांच्या घसाऱ्याची कोणी करीत नाही. म्हणून केवळ चालणे पुरेसे नाही. आठवड्यातून किमान १५० मिनिटे दमदार चालणे आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही, हे दोन्ही हवे. जेवणानंतर लगेच खुर्चीत न बसता दहा-पंधरा मिनिटे चालावे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे व बसावे. भिंतीला हात टेकून जोर काढावेत. पहिल्या दिवशी मला सात बैठकांत धाप लागली, आणि शेजारी एका रुग्णाच्या आजी बारा पूर्ण करून माझ्याकडे पाहत होत्या.

ज्यांना छातीत दुखते, ज्यांच्या पायाला जखम आहे किंवा जे इन्सुलिन घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून व्यायाम सुरू करू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांस वर सांगितलेला प्रथिनांचा हिशेब लागू नाही. चालू औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आणि मधुमेह्याच्या घरात कोणीतरी रोज रात्री त्याचे तळपाय उजेडात पाहावेत, चपलेत हात घालून खिळा-खडा नाही ना हे तपासावे. शिंपीकाकांच्या घरी हे कोणी सांगितले असते तर, असे मला अजून वाटते.

आता उपाहारगृहाचा खुलासा. वरच्या मजल्यावर मधुमेहाचा रुग्ण आणि खाली त्याच्या मुलाच्या हातात वडा व तीन चमचे साखरेचा चहा, या व्यवहारावर गेली अनेक वर्षे माझीच सही होती. जास्तीत जास्त बोली लावणाऱ्यास ठेका, एवढाच निकष होता. यंदा विश्वस्त मंडळाच्या संमतीने अटी बदलल्या. चहात साखर वेगळी, सकाळी उसळ-भाकरी, दुपारी ताक, उकडलेली अंडी. तळलेले पदार्थ आठवड्यातून एकच दिवस. ठेकेदारांनी विक्री घटेल असे स्पष्ट सांगितले आणि ती घटली, म्हणून भाड्यात सूट द्यावी लागली. काही नातेवाइकांनी तक्रारवहीत वडा परत आणण्याची मागणीही नोंदविली आहे. तुटीचा हा आकडा परिशिष्टात दिलेला आहे. ज्या सभासदांस तो आक्षेपार्ह वाटेल, त्यांनी हिशेबाच्या सभेत अवश्य विचारावे. उत्तर मी देईन.

नऊ महिन्यांनी माझा आकडा ५.९ आला आहे. घरात तेल साडेतीन लिटरवर आले असून साखरेबाबत अद्याप वाटाघाटी चालू आहेत. शनिवारचा वर्ग सकाळी सात वाजता जुन्या इमारतीच्या गच्चीवर भरतो, शुल्क नाही. येताना किराण्याची पावती आणावी. गणकयंत्र मी घेऊन बसतो.