अर्थशास्त्र : ग्रंथालयातून बांधावर



अर्थशास्त्र म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर आकड्यांचे अरण्य उभे राहते. 'हा विद्वानांचा प्रांत, आपला काय संबंध?' असे म्हणून तो पान उलटतो. परंतु गेल्या काही दशकांत या शास्त्राने आपली बैठक बदलली आहे. ते बंदरावर, शाळेच्या वाटेवर आणि जुन्या दप्तरखान्यात जाऊन बसू लागले आहे. वेगवेगळ्या शाखांतील तीन भारतीय उदाहरणे पाहिली, तरी हे ध्यानात येईल.

पहिले उदाहरण बाजारपेठेचे. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाईल सेवा पोहोचली. तत्पूर्वी समुद्रातील कोळ्याला कोणत्या बंदरावर गिऱ्हाईक आहे, हे कळण्याची सोय नव्हती. परिणामी एका बंदरावर तारली फेकून दिली जाई, तर काही कोसांवर ग्राहक रिकाम्या हाताने परते. पकडलेल्या मासळीपैकी ५ ते ८ टक्के अशी वाया जात असे. रॉबर्ट जेन्सन यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, फोन आल्यावर ही नासाडी जवळजवळ थांबली. कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. ना अनुदान, ना फर्मान. केवळ योग्य वेळी मिळालेली माहिती!

दुसरे उदाहरण आर्थिक इतिहासाचे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १९३० पर्यंत देशात सुमारे ६७ हजार किलोमीटर लोहमार्ग झाले. त्याने वाहतूक किती स्वस्त झाली, हे मोजायचे कसे? डेव्ह डोनाल्डसन यांनी मिठाचा आधार घेतला. सांभर सरोवराचे मीठ सांभरलाच होते. तेव्हा तेथील भाव आणि दूरच्या गावातील भाव यांतील अंतर म्हणजे वाहतुकीचा खर्च. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, रेल्वे पोहोचलेल्या जिल्ह्यांत शेतीचे वास्तव उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढले. यामुळे परकीय सत्तेला निर्दोषत्वाचा दाखला मिळत नाही. रेल्वे कंपन्यांना ५ टक्के व्याजाची हमी भारतीय करदात्याच्या खिशातून दिली गेली, हे सत्य तसेच राहते. पण एक सत्य जपण्यासाठी दुसऱ्याकडे पाठ फिरविणे, हा अभ्यासकाचा धर्म नव्हे.

तिसरे उदाहरण शिक्षणाचे. बिहारमध्ये २००६ साली नववीतील मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी मुलांशी मुलींची आणि २००० पर्यंत बिहारचाच भाग असलेल्या झारखंडशी बिहारची तुलना केली. मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली होती. विशेष म्हणजे, शाळा ३ किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम सर्वाधिक दिसला. मुलीला शिकवायचे की नाही, हा प्रश्न अनेक घरांत मनाचा मानला जातो. येथे तो बराचसा अंतराचा निघाला.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. नेमकी अडचण कोठे आहे हे शोधा, उपाय करा आणि त्याचे फळ प्रामाणिकपणे मोजा. समाजात काम करणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा. अहवालात आपण वाटलेल्या वह्या मोजतो, भरविलेली शिबिरे मोजतो. त्या वह्यांनी किती मुले शाळेत टिकली, हे मात्र क्वचितच विचारतो. शुद्ध हेतू ही सेवेची पहिली अट आहे; शेवटची नव्हे. हेतू कितीही उदात्त असला, तरी उपाय चुकला तर गरिबाचे एक वर्ष वाया जाते, आणि ते वर्ष त्याला कोणी परत देऊ शकत नाही.

म्हणून पुढील बैठकीत 'किती दिले?' या प्रश्नाबरोबर 'काय बदलले?' हा प्रश्नही विचारला जावा. उत्तर कधी अडचणीचे येईल. ते ऐकून घेण्याची तयारी हवी. कारण ज्याच्यासाठी काम मांडले, तो माणूस आकड्यांपेक्षा मोठा आहे.