शस्त्रक्रियेनंतरचा मज्जारज्जू



हृदयविकार व मधुमेह यांविषयी आपण वारंवार ऐकता. म्हणून आज एक कमी परिचित विषय निवडला आहे.

१८९१ मध्ये प्राग येथील विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी एका दोषाचे वर्णन केले. यात लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या छिद्रातून मानेकडे उतरतो. तेथे द्रवाची ये-जा अडते आणि अनेकांच्या मज्जारज्जूत द्रवाने भरलेली पोकळी तयार होते. कवटीच्या मागील बाजूचे थोडे हाड आणि बहुधा पहिल्या मणक्याची कमान काढून शस्त्रक्रियेने जागा मोकळी करतात. खोकताना उठणारी डोकेदुखी पुष्कळांची कमी होते. घरात आनंद होतो, कागदपत्रे माळ्यावर जातात.

माझी चिंता येथून सुरू होते. शस्त्रक्रियेच्या जागी व्रणतंतू वाढून द्रवाची वाट पुन्हा अडू शकते. हाड फार काढले गेले असल्यास लहान मेंदू खाली ढळू शकतो. मग काही वर्षांनीही पोकळी पुन्हा भरू लागते. वेदना व उष्णता वाहून नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मध्यभागी एकमेकांना ओलांडतात. पोकळीचा पहिला घाव त्यांवर बसतो. स्पर्शाचे तंतू वेगळ्या वाटेने जातात. त्यामुळे तव्याचा चटका बसतो, कातडी भाजते, पण कळते ते फोड दिसल्यावर! स्पर्श शाबूत असल्याने रुग्णालाही शंका येत नाही. गृहिणी तर 'लक्ष नव्हते' म्हणून विषय संपवतात. हाताची पकड सैल होते, बोटांमधील मांस झिजते, तेही वयावर ढकलले जाते.

उपचारांविषयी मतभेद आहेत. मुंबईचे डॉ. अतुल गोयल यांनी २०१५ मध्ये पहिल्या दोन मणक्यांतील अस्थिरता हेच या दोषाचे मूळ असल्याचे मत मांडले. ते सर्वांना मान्य नाही. मात्र, मज्जारज्जूची गेलेली शक्ती दुसऱ्या शस्त्रक्रियेने पूर्णपणे परत येईलच असे नाही. म्हणून डोकेदुखी थांबली तरी, सल्ल्याप्रमाणे एमआरआय करून घ्यावा आणि जुन्या फिल्म जपून ठेवाव्यात. तुलना त्यांच्याशीच होते. गिळताना ठसका, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही नव्याने दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी मेंदूशल्यतज्ज्ञांना कळवावे.